कांताबाईंचं खातं



1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्याच वर्षी देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण देशाचे अर्थमंत्री झाले. सातारा-सांगलीच्या मातीतल्या माणसाच्या हाती देशाची तिजोरी आली, याचा आपल्याला आजही अभिमान आहे. पण त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीही त्याच मातीतल्या, माणदेशातल्या म्हसवडच्या कांताबाईंना साधं बचत खातं उघडता येत नव्हतं. त्या लोहारकाम करायच्या, संसार उघड्यावर. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची म्हणून रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. रक्कम फार किरकोळ, म्हणून बँकेनं नकार दिला.

हे गाऱ्हाणं त्यांनी चेतना गाला सिन्हा यांच्यापुढे मांडलं. चेतनाताई मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत घडलेल्या आणि लग्न करून माणदेशात आलेल्या. त्या शिक्षणावर मंत्रालयाची किंवा दिल्लीची वाट धरता आली असती. पण त्यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं.

रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण कागदावर बायकांच्या सह्यांऐवजी अंगठे होते. बायका म्हणाल्या, मग शिकू की! दिवसभर राबून त्यांनी अक्षरं गिरवली. पाच महिन्यांनी पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठलंही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटरला हात न लावता काढावं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मला पुढची हकिगत जास्त मोलाची वाटते. दिवसाची मजुरी बुडवून बँकेत येणार कोण? म्हणून बँकच दारात आणि बाजारात जाऊ लागली. मग बायका म्हणाल्या, पासबुक घरी नको. नवऱ्याच्या नजरेला पडलं की शिल्लक कळते, आणि कळलेली शिल्लक टिकत नाही! चेतनाताईंनी हे मुकाट ऐकून घेतलं आणि बँकेची पद्धत बदलली. शिकलेल्या माणसाला हे जमणं अवघड असतं.

2018 साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदी सात महिला होत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द यांच्या बरोबरीनं त्यांत म्हसवडच्या चेतनाताईही होत्या.

दावोसनं म्हसवडची दखल घेतली, दिल्लीनंही घ्यावी. अंदाजपत्रकाआधी अर्थमंत्री उद्योगपतींना भेटतात. त्यांनी एखादा दिवस म्हसवडच्या किंवा आटपाडीच्या बाजारालाही द्यावा आणि रोजच्या कमाईतून कर्जाचा हप्ता कसा फिटतो, हे भाजीवालीलाच विचारावं.