आकाशाची बाराखडी

(मंचर येथे जुन्नर-आंबेगाव परिसरातील विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या भागात 'विमानतळ' हा शब्द उच्चारला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. त्याला कारणही तसेच आहे. पुण्याचा नवा विमानतळ शेजारच्या खेड-चाकण परिसरात होणार, ही चर्चा वर्षानुवर्षे चालली. कोणत्या गावाची जमीन जाणार, किती मोबदला मिळणार, यावर पारापारांवर वाद झडले. पुढे तो प्रस्ताव पुरंदरकडे वळला. विमान म्हणजे दुसऱ्याचा प्रवास आणि आपली जमीन, एवढेच समीकरण मात्र आपल्या मनात उरले.

आज मला बोलायचे आहे ते एका वेगळ्या प्रकारच्या विमानतळाविषयी. तिथे तिकीट खिडकी नसते, सरकते जिने नसतात, काचेची भव्य इमारतही नसते. गवताचे एक लांबलचक मैदान, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, पत्र्याचा एक हँगर आणि शिकणारी माणसे, एवढेच तिथे असते. देशाची विमानविद्या अशा मैदानांवर बाळसे धरते. मोठी विमानतळे हे तिचे कळस होत, आणि मला पाया महत्त्वाचा वाटतो.

नाणेघाटाचा वारा

विमान म्हटले की आपल्याला आधी इंजिन आठवते. परंतु उड्डाणाचे शास्त्र इंजिनापासून सुरू होत नाही, ते वाऱ्यापासून सुरू होते. आणि वाऱ्याचा धडा शिकण्यासाठी जुन्नरच्या मुलांना परदेशी जाण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा आपण सर्वांनीच पाहिला असेल. खाली कोसळणारे पाणी वाऱ्याबरोबर पुन्हा वर फेकले जाते आणि पाहणाऱ्याला नखशिखान्त भिजवते. तिथे काय घडते? कोकणातून येणारा जोरकस वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून तो वर चढतो आणि पाण्याला सोबत नेतो. बिनइंजिनाचे विमान, म्हणजे ग्लायडर, डोंगराच्या धारेवर तरंगते ते याच जातीच्या वाऱ्यावर.

दुसरा धडा शेतातला. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेल्या रानात भरदुपारी वावटळ उठते. धूळ, पाचोळा गरगरत आकाशात जातो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघाली, याची ती खूण होय. त्याच वेळी मान वर करून पाहा. एखादी घार पंख न हलवता गोल फिरत उंच उंच जाताना दिसेल. तिला तो वर चढणारा झोत सापडलेला असतो. ग्लायडर चालवणारा वैमानिक हेच करतो. झोत शोधायचा, त्याच्या पोटात गोल फिरत उंची मिळवायची आणि मग ती उंची जपून खर्च करत पुढच्या झोताकडे सरकायचे. जुन्या लाकडी ग्लायडरला एक किलोमीटर उंची मिळाली, तर शांत हवेत ते साधारण वीस किलोमीटरचा पल्ला गाठते. उंची ही त्याची शिल्लक असते, आणि शिल्लक कशी वापरावी हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही.

हडपसरचे मैदान

येथून पुणे-नाशिक रस्त्याने पुण्यात जाऊन पुढे हडपसर गाठले की केंद्र सरकारच्या नागरी विमान खात्याचे ग्लायडिंग सेंटर लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, १९५०च्या सुमारास, ते उभे राहिले. नव्या राष्ट्राच्या तिजोरीत पैसा थोडा होता, पण तरुणांना आकाशाची ओळख व्हावी अशी दृष्टी होती. पुढे सरकारच्याच तांत्रिक केंद्रात 'रोहिणी' नावाचे लाकडी ग्लायडर तयार झाले आणि १९६१ मध्ये ते प्रथम उडाले. त्यात शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. नाव नक्षत्राचे, रचना भारतीय आणि बैठक गुरुकुलातली, असा तो मेळ होता.

काही वर्षांपूर्वी पत्रकार या नात्याने मी एक संपूर्ण दिवस त्या मैदानावर काढला. सकाळी ग्लायडर हँगरबाहेर ढकलत आणले जाते तेथपासून शिक्षण सुरू होते. पंखाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक तार, प्रत्येक खिळ हाताने तपासायची आणि वहीत सही करायची. कालच तपासले होते, हे उत्तर तिथे चालत नाही. काचेवर बाहेरच्या बाजूने लोकरीचा एक लहानसा धागा चिकटवलेला असतो. विमान हवेत तिरके सरकू लागले तर तो धागा एका बाजूला झुकतो. चार आण्याची वस्तू, पण वैमानिकाची नजर तिच्यावर खिळलेली असते.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे ताकदवान इंजिनावर फिरणारे मोठे रीळ असते. तिथून पोलादी तार आणून ग्लायडरच्या पोटाशी अडकवतात. एक जण पंखाचे टोक हातात धरून ते समतोल ठेवतो, दुसरा खूण करतो, तार ताणली जाते आणि पतंगाला ढील-खेच द्यावी तसे ते यंत्र काही क्षणांत उभ्या चढणीने वर जाते. सात-आठशे, हजार फुटांवर तार सुटल्याचा खट्ट आवाज होतो. त्यानंतर पंखांवरून सरकणाऱ्या वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नाही. खाली मगरपट्ट्याच्या इमारती, रेल्वेचे रूळ, आणि जिथे एकेकाळी हडपसरची प्रसिद्ध भाजी पिकत असे तिथली दाटीवाटीची घरे दिसतात. पाच-सात मिनिटांत विमान पुन्हा गवतावर टेकते. इंजिन नाही, म्हणून चुकलेले उतरणे पुन्हा वर जाऊन सुधारता येत नाही. जे करायचे ते पहिल्याच खेपेस नीट करायचे असते.

मला सर्वांत भावली ती जमिनीवरची शिस्त. एक जण पाच मिनिटे उडावा म्हणून पाच-सहा जण उन्हात राबतात. कोणी तार ओढून आणतो, कोणी पंख धरतो, कोणी वेळेची नोंद ठेवतो, आणि उतरलेले ग्लायडर सर्वांनी मिळून ढकलत परत आणायचे असते. तिथे मोठ्या हुद्द्यावरचा निवृत्त अधिकारी आणि महाविद्यालयीन मुलगा एकाच तारेला हात लावताना मी पाहिले. संघटन म्हणजे काय, हे व्याख्यानातून सांगावे लागते. त्या मैदानावर ते दुपारपर्यंत अंगवळणी पडते.

जुनी विमाने आणि जिवंत परंपरा

विमानविद्येचा दुसरा गुरू म्हणजे जुने विमान. १९३१ मध्ये इंग्लंडात तयार झालेले 'टायगर मॉथ' घ्या. दोन मजली लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, उघडी बैठक. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. आपल्या वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरवले. अशा यंत्रात काहीही झाकलेले नसते. दांडा हलवला की तार कशी खेचली जाते आणि पंखाची झडप कशी वळते, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते.

मुंबईचे जुहू हे आपल्या नागरी विमानविद्येचे असेच एक लहान मैदान. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये मुंबईत मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन एकटेच 'पस मॉथ' या इवल्याशा विमानातून जुहूला उतरले. त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईची तरुण वैमानिक आरोही पंडित हिने भुजहून जुहूपर्यंत एकटीने उड्डाण करून त्या स्मृतीला उजाळा दिला. याच आरोहीने २०१९ मध्ये अतिशय हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला होता. तिचे विमान मुळात मोटर बसवलेले ग्लायडरच होते, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

वायुदलानेही ही परंपरा जपली आहे. टायगर मॉथ दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा आकाशात नेले गेले. २०१८ मध्ये 'परशुराम' नावाचे डाकोटा विमान इंग्लंडहून उडत भारतात आले. भंगारात जाऊ पाहणारे ते विमान राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन दुरुस्त करवले आणि वायुदलाला भेट दिले. त्यांचे वडील स्वतः डाकोटा चालवणारे हवाई अधिकारी. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर आपले सैनिक उतरले ते डाकोटा विमानांतूनच. काश्मीर वाचवणाऱ्या त्या दिवसाची आठवण पुस्तकातून वाचणे वेगळे आणि त्याच जातीच्या विमानाची घरघर डोक्यावरून जाताना ऐकणे वेगळे. चौथऱ्यावर उभे केलेले विमान वंदनीय असते. उडते ठेवलेले विमान शिकवतेही, कारण ते उडते ठेवायचे तर सुतार, शिंपी, लोहार, इंजिनाचा जाणकार अशी कारागिरांची पिढी टिकवावी लागते.

कोल्हापूरचा मुलगा, गॉटिंगेनची विद्या

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लष्करी विमानांची बंदी आली आणि इंजिनाच्या विमानांवरही कडक निर्बंध लादले गेले. तिथल्या विद्यार्थ्यांनी बिनइंजिनाची विमाने बांधली आणि १९२० पासून डोंगरमाथ्यांवर त्यांच्या स्पर्धा भरवल्या. इंजिन हातात नसल्यामुळे पंखाचा आकार आणि हवेचा स्वभाव यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. त्या काळी गॉटिंगेनचे प्राध्यापक प्रांटल हे या शास्त्राचे अध्वर्यू होते. त्यांच्या हाताखाली १९३०च्या दशकात डॉक्टरेट मिळवून आलेला एक मराठी विद्यार्थी म्हणजे मूळचे कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली 'एचटी-२' हे भारतीय रचनेचे शिकाऊ विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. पुढे तिथूनच 'पुष्पक' हे छोटे विमान आले, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतील असंख्य मुलांनी त्यावर पहिले एकट्याचे उड्डाण केले.

यातला क्रम पाहण्याजोगा आहे. स्वतंत्र भारताने स्वतः रचलेले पहिले विमान लढाऊ नव्हते, ते शिकाऊ होते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते की आधी बाराखडी, मग महाकाव्य.

पालकांशी चार शब्द

आता थोडे व्यवहाराचे. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातही मुलाला वा मुलीला वैमानिक करायचे म्हणून जमीन विकण्याची किंवा मोठे कर्ज काढण्याची भाषा ऐकू येते. आकांक्षा चांगलीच आहे. मात्र पायऱ्या ओळखून चढाव्यात. शिकाऊ परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ही अट दीर्घकाळ राहिली आहे. म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी विमान खात्याच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांत वा कानांत एखादा दोष निघाला, तर तो जमीन विकण्याआधी कळलेला बरा.

दुसरे म्हणजे, मुलाला आधी लहान मैदानावर न्या. ग्लायडिंग सेंटरची उड्डाणे मधल्या काळात अधूनमधून बंदही राहिली आहेत, तेव्हा चौकशी करून जा. एनसीसीच्या हवाई विभागातही मायक्रोलाइट विमानांची ओळख होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे २०२२ पासून मुलींनाही खुली झाली आहेत. १९८५ मध्ये कोलकात्याहून सिल्चरला केवळ महिलांनी चालवलेले विमान गेले, तेव्हा त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. आपल्या मुलींनी हे नाव विसरू नये. आणि आकाशाशी नाते जोडायला वैमानिकच झाले पाहिजे असेही नाही. विमान दुरुस्तीचा परवानाधारक अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानशास्त्रज्ञ ही सारी त्याच कुटुंबातली माणसे आहेत. आपल्याच खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आकाश ऐकत उभ्या आहेत. आकाशाचे शास्त्र जुन्नरच्या मातीला परके नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मैदाने राखली पाहिजेत

शेवटचा मुद्दा समाजाचा. मोठ्या शहरालगतचे गवताचे मोकळे मैदान आज पुष्कळांना रिकामा भूखंड वाटते. चारही बाजूंनी इमारती चढत जातात, धावपट्टीवरून पायवाटा पडतात, उड्डाणे कमी होतात, आणि एक दिवस कोणीतरी विचारतो की या जागेचा उपयोग काय? शाळेचे मैदान, गावचे गायरान, तालमीची जागा यांच्याबाबत हेच घडताना आपण पाहिले आहे. मोठा विमानतळ सरकार पैसा ओतून पाच-दहा वर्षांत उभारू शकते. शिकण्याचे मैदान एकदा हातचे गेले की शहराच्या जवळ पुन्हा मिळत नाही. ते गेले तर उडण्याची विद्या फक्त लाखो रुपये मोजू शकणाऱ्यांच्या घरात राहील, आणि नाणेघाटाचा वारा अंगावर घेऊन वाढलेली मुले आयुष्यभर खालूनच विमाने पाहत राहतील.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदाची एक शैक्षणिक सहल अशा मैदानावर न्यावी. पालकांनी मुलांना एकदा तरी विमानाच्या पंखाला हात लावू द्यावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्या दुपारी शेतात वावटळ उठली तर तोंड फिरवू नका. तिच्यावर नजर ठेवा, वर घार कुठे आहे ते शोधा, आणि ती कोणत्या बाजूला वळते आहे ते वहीत टिपून ठेवा. आकाशाचा अभ्यास तिथून सुरू होतो.