वैमानिकाला काय सांगावे?



अमेरिकेत अपघाताच्या जागेवरून किंवा लहान गावच्या इस्पितळातून रोगी मोठ्या इस्पितळात नेण्यासाठी हेलिकॉप्टरे सज्ज असतात. मध्यरात्री मागणी येते. तेथील पुष्कळ संस्थांत असा शिरस्ता आहे की, जायचे कोठे एवढेच वैमानिकाला सांगायचे. रोगी कोण, त्याला काय झाले आहे, हे त्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणेपर्यंत त्याच्या कानावर घालायचे नाही.

ऐकताना हे निष्ठुरपणाचे वाटते. पण मनुष्यस्वभाव पाहा. 'चार वर्षांचे पोर आहे हो, श्वास लागला आहे' एवढे कानी पडले, की समोरचे धुके विरळ भासू लागते. धुके असते तेवढेच असते! वैमानिक येथे फसतो तो सज्जन असतो म्हणूनच. रोग्याची निकड डॉक्टरांनी पाहावी. ढग किती खाली आले आहेत, हे वैमानिकाने.

मात्र झाकायचे काय आणि सांगायचे काय, यात गल्लत नको. जुलै २००४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील न्यूबेरीजवळ, महामार्गावरील एका जखमीसाठी पहाटे हेलिकॉप्टर मागवले गेले. आधी तिघा वैमानिकांनी नकार दिला होता; त्यांतला एक तर निघून धुक्यामुळे परत फिरला होता. जो अखेर गेला, त्याला हे कोणीच सांगितले नाही. जखमीला घेऊन उडताच हेलिकॉप्टर झाडांवर आदळले. वैमानिक, परिचारिका, तिचा सहकारी आणि रोगी, चौघेही गेले. जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत तेथे रुग्णविमानांचे ५५ अपघात झाले, ५४ माणसे दगावली. पुढे २०१४ च्या सरकारी नियमांत, हे उड्डाण आधी कोणी नाकारले आहे काय, याची चौकशी करण्याची पद्धत ठेवणे संस्थांवर बंधनकारक झाले.

आता कोणी विचारील, घटनास्थळी उतरल्यावर वैमानिक रोगी डोळ्यांनी पाहतोच की! खरे आहे. तेथे पडदा उरत नाही. म्हणून दुसरी एक रीत आहे: तिघेही 'हो' म्हणाले तरच निघायचे, एकाने 'नाही' म्हटले तरी थांबायचे. परिचारिकेला रोग्याची अवस्था ठाऊक असते. तरीही आभाळ पाहून 'नको' म्हणण्याचा हक्क तिला आहे, आणि त्याचे कारण तिला कोणी विचारू नये.

मग रोगी मोटारीने जातो. रस्ता लांबचा असतो. कधी कधी तो पोहोचत नाही. हे वैमानिकाला दुसऱ्या दिवशी कळते, आणि रात्री पुन्हा घंटा वाजते.