मैदानाचा दाखला

महाराष्ट्रात पोलीस भरती हे केवळ एका शासकीय प्रक्रियेचे नाव राहिलेले नाही. बारावी उत्तीर्ण झाल्यापासून खुल्या प्रवर्गात वयाच्या अठ्ठाविसाव्या आणि मागास प्रवर्गात तेहतिसाव्या वर्षापर्यंत ती लाखो तरुणांच्या झोपेला, जेवणाला, घरच्या उसनवारीला आणि लग्नाच्या बोलण्यांनाही वळण देत असते, आणि म्हणूनच गावोगावी अशा तरुणांना 'भरतीची पोरं' असे एक स्वतंत्र जातिवाचक नामच मिळाले आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय 'सुरक्षा आणि आपत्कालीन सेवांतील स्पर्धा' असा व्यापक असला, तरी त्यातील प्रतिपादन एकाच सूत्राभोवती फिरणार आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. ते सूत्र असे की, या स्पर्धेचा खरा दोष निवड कठोर असण्यात नसून, निवड न झालेल्यांच्या हाती राज्य काहीही ठेवत नाही यात आहे. व्याख्यात्याचा हा आग्रह ज्यांनी पूर्वी अन्यत्र ऐकला असेल, त्यांनी पुनरुक्तीबद्दल क्षमा करावी. (हशा)

स्पर्धेचे आकारमान प्रथम पाहणे आवश्यक आहे. २०२४ साली पार पडलेल्या भरतीत पोलीस शिपाई, चालक, कारागृह शिपाई, राज्य राखीव दलातील सशस्त्र शिपाई आणि बॅण्डस्मन या पदांच्या मिळून १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभराहून अधिक अर्ज पडले. त्याआधीच्या, २०२२च्या अखेरीस सुरू झालेल्या भरतीतही सुमारे अठरा हजार जागांसाठी अठरा लाखांच्या आसपास अर्ज होते, त्यामुळे हे प्रमाण एखाद्या वर्षाचा अपवाद ठरत नाही. अर्ज आणि उमेदवार या दोन संख्या एकच नव्हेत, कारण एकच तरुण वेगवेगळ्या पदांसाठी स्वतंत्र अर्ज करू शकतो. मात्र ही वजावट केली तरी चित्राचा रंग फारसा बदलत नाही.

निवडीची पद्धत या सभागृहातील बहुसंख्यांना, विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या तरुण श्रोत्यांना, व्याख्यात्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून तिचा केवळ सांगाडा पुरे. शिपाईपदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. तीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्यास २० गुण, १०० मीटर धावण्यास १५ आणि गोळाफेकीस १५ गुण असतात. त्यांपैकी निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून, प्रवर्गनिहाय, जागांच्या दहापट उमेदवार लेखी परीक्षेस बोलावले जातात. लेखी परीक्षा अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांची, १०० गुणांची असते. समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, गृहरक्षक इत्यादींसाठी राखलेला हिस्सा, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यावर या सभागृहातही एकमत होणार नाही. तो येथे बाजूस ठेवला आहे.

ही गर्दी खाकी वर्दीच्या ओढीने होते असे मानण्याची प्रथा आहे, आणि त्यात काही तथ्यही आहे. परंतु शेजारच्या एका सेवेकडे पाहिल्यास निराळे कारण हाती लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. अपघातस्थळी धावून जाण्याचे तिचे काम पोलिसांइतकेच निकडीचे आणि पुष्कळदा अधिक कृतज्ञतेचे आहे, तरीही तेथील वाहनचालक होण्यासाठी कोणी पाच वर्षे पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावत नाही, कारण ती नोकरी कंत्राटदाराची आहे. पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजनाही लागू राहिली नाही. असे असताना जे उरते ते 'कायम' हे एकच विशेषण, आणि सारी स्पर्धा त्या विशेषणासाठी आहे. सेवा आपत्कालीन आहे म्हणून नव्हे, तर नोकरी आपत्कालीन नाही म्हणून तरुण तिच्याकडे धावतात.

आता ज्या मापांनी ही निवड होते, त्या मापांकडे क्षणभर वळावे लागेल. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर असावी लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर वाढावी लागते. तो १६०० मीटर धावतो आणि ७.२६० किलोग्रॅमचा गोळा फेकतो. या आकड्यांत ७.२६० हा आकडा चमत्कारिक आहे, कारण कोणत्याही दशमान विचारातून तो निघणार नाही. तो निघतो सोळा पौंडांतून. हे एकदा लक्षात आले की बाकीचे आकडेही आपापले मूळ गाव सांगू लागतात. १६५ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट पाच इंच, ७९ सेंटिमीटर म्हणजे एकतीस इंच, ५ सेंटिमीटर म्हणजे दोन इंच, आणि १६०० मीटर म्हणजे नऊ मीटर कमी पडलेला मैल. राज्य राखीव दलाची १६८ सेंटिमीटर उंची पाच फूट सहा इंचांची आहे आणि वनरक्षकाची १६३ सेंटिमीटर पाच फूट चार इंचांची. वजने व मापे दशमान करणारा कायदा १९५६ साली झाला, किराणा दुकानातून शेर आणि रत्तल निघून गेले, परंतु भरतीच्या मैदानावर मात्र फूट, इंच आणि पौंड सेंटिमीटरचे कपडे घालून अजून उभेच आहेत. महिलांचा गोळा तेवढा पूर्ण चार किलोग्रॅमचा आहे. म्हणजे दशमान पद्धत मैदानात आली ती महिलांच्या बाजूच्या फाटकाने, असे म्हणता येईल. (हशा)

हे विषयांतर योजल्यापेक्षा लांबले असले, तरी ते निव्वळ विनोदासाठी नव्हते. सोळा पौंडांचा गोळा जागतिक खेळाच्या नियमांतही आहे, आणि मैलाची शर्यत दमसासाची उत्तम कसोटी आहे; मुद्दा एवढाच की ही मापे खेळाच्या मैदानावरून आणि वसाहतकालीन लष्करी भरतीच्या परंपरेतून आलेली दिसतात, शिपायाच्या प्रत्यक्ष कामाच्या अभ्यासातून नव्हे. याउलट मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीत उमेदवाराला एकोणीस फुटांवरून ताणलेल्या चादरीवर उडी मारावी लागते, शिडी चढावी लागते आणि मानवाकृती खांद्यावर घेऊन धावावे लागते. ही चाचणी सोपी नाही. पण ती कशासाठी आहे असा प्रश्न उमेदवाराला पडत नाही.

पुढच्या रांगेतील निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर उमटलेली नापसंती पाहता येथेच स्पष्ट करणे इष्ट, की शारीरिक चाचणी रद्द करावी असे कोणतेही प्रतिपादन येथे नाही, आणि शिपायाला धावता आले पाहिजे याविषयी व्याख्याता आणि पहिली रांग यांच्यात पूर्ण सहमती आहे. आक्षेप आहे तो चाचणीच्या एकदाच होण्यावर. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवणाऱ्यास २० गुण मिळतात, त्याहून किंचित अधिक वेळ घेणाऱ्यास १८. म्हणजे निमिषभराच्या विलंबाची किंमत दोन गुण, आणि गुणवत्ता यादीत दोन गुणांच्या अंतरात शेकडो नावे बसतात. पायाला बांधलेल्या चिपमुळे वेळेची नोंद आता बिनचूक होते. परंतु चिपला चिखल मोजता येत नाही. २०२४ची मैदानी चाचणी १९ जूनपासून, ऐन पावसाळ्यात सुरू झाली. पाऊस आल्यास पुढची तारीख देण्याचे आश्वासन शासनाने दिले आणि ते रास्तच होते, तरी कोरड्या मैदानावर धावलेला आणि भिजलेल्या मैदानावर धावलेला हे दोघे कागदावर सारखेच राहतात.

एकाच संधीचा हा ताण केव्हा केव्हा जिवावरही बेततो. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. झारखंडात २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत, जेथे पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते, दहाहून अधिक तरुण दगावले. उन्हाला आणि नियोजनाला त्याचा दोष दिला गेला, तो योग्यच होता. पण आज थांबलो तर पुन्हा जाहिरात केव्हा निघेल हे माहीत नसलेला तरुण छातीत कळ आली तरी थांबत नाही, हेही त्या दोषात धरले पाहिजे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. हाच तरुण पोलीस दलात मोजला जातो, राखीव दलात पुन्हा मोजला जातो, वनरक्षकाच्या भरतीत तिसऱ्यांदा मोजला जाऊन तेथे पाच किलोमीटर धावतो आणि चार तासांत पंचवीस किलोमीटर चालतो, आणि उंचीने १७२ सेंटिमीटर भरत असेल तर मुंबईच्या अग्निशमन दलाच्या रांगेत चौथ्यांदा उभा राहतो. २०२३ साली त्याच दलाच्या दहिसर येथील भरतीत महिला उमेदवारांची उंची आणि मैदानातील प्रवेश यांवरून जो गोंधळ झाला, त्याचे मूळ हेच की प्रत्येक दाराशी नवी मोजपट्टी असते आणि आधीच्या दाराशी झालेले मोजमाप तेथे शून्य धरले जाते.

यावर सुचवायचा उपाय म्हणजे मैदानाचा दाखला. या संज्ञेचा अर्थ असा: जिल्हा क्रीडासंकुलात, वर्षातील ठरलेल्या महिन्यांत, पावसाळा वगळून, कोणाही तरुणाला शारीरिक चाचणी देता यावी, वर्षातून तीनदा प्रयत्नाची मुभा असावी, त्यांतील सर्वोत्तम कामगिरी, उंची आणि छातीच्या मापासह, बोटांच्या ठशांना जोडून नोंदवली जावी, आणि तो दाखला दोन वर्षे सर्व गणवेशधारी सेवांच्या भरतीत ग्राह्य मानला जावा. पात्रता एकदा सिद्ध करायची आणि नोकरीसाठी नंतर स्वतंत्रपणे अर्ज करायचा, ही कल्पना प्राध्यापकपदाच्या सेट आणि नेट परीक्षांमुळे महाराष्ट्राला अपरिचित नाही. जातीचा, अधिवासाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला काढताना ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना आणखी एका दाखल्याचे नाव ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे, आणि सभागृहात आता उठलेला हशा त्याच अनुभवातून आला असावा. तथापि बाकीचे दाखले उमेदवार कोण आहे ते सांगतात, हा एकच दाखला त्याला काय जमते ते सांगेल.

आक्षेप तीन संभवतात. पहिला असा की दोन वर्षांत शरीर सुटते. त्यावर निवडीनंतर केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाची एक छोटी फेरचाचणी पुरेशी आहे. दुसरा असा की बनावट दाखले निघतील. निघतील, परंतु आज तोतया उमेदवारही निघतातच, आणि वर्षभर थोड्या थोड्या उमेदवारांची तपासणी करणे हे लाखोंची गर्दी एकदम आवरण्यापेक्षा सोपे आहे. तिसरा असा की प्रस्थापित पद्धतीत हात घालू नये. या आक्षेपाला पद्धतीच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे: पूर्वी मैदानी चाचणी १०० गुणांची होती आणि लांब उडी व पुलअप्सही तीत होते, २०१९च्या नियमांनी ती ५० गुणांवर आणून लेखी परीक्षा आधी घेतली, २०२२ मध्ये पुन्हा मैदान आधी आले. इतक्या वेळा फिरवलेली पद्धत आणखी एकदा फिरवल्याने मोडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र दाखल्याचा सर्वांत मोठा उपयोग निवड झालेल्या एकाला नसून उरलेल्या शंभरांना आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात स्थापन झालेले गृहरक्षक दल, आपत्तीत स्थानिक स्वयंसेवक उभे करणारी आपदा मित्र योजना, नगरपालिकांची अग्निशमन केंद्रे या सर्वांना तंदुरुस्त माणसे लागतात, आणि राज्य दर भरतीत लाखो तरुणांची तंदुरुस्ती स्वतःच्या खर्चाने मोजून ती नोंद भरतीसोबतच बासनात गुंडाळते. पूर आलेल्या तालुक्यात सहा मिनिटांच्या आत मैल धावणारे दोनशे तरुण कोण आहेत, हे जिल्हाधिकाऱ्यांना कळण्याची आज सोय नाही, जरी त्यांतील प्रत्येकाला शासनाने एकदा छातीवर क्रमांक लावून धावायला लावलेले असते.

संयोजकांची दुसरी चिठ्ठी आलेली असल्याने उर्वरित मुद्द्यांचा केवळ उल्लेख करणे भाग आहे: तृतीयपंथी उमेदवारांसाठी मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर अर्जात आलेला तिसरा पर्याय आणि त्यांच्या शारीरिक निकषांचा प्रश्न, एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करण्याच्या अटीमुळे जिल्हा निवडणे हाच झालेला जुगार, आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांचे अर्थकारण, ज्यावर शेवटच्या रांगेतील अकादमीचालकांना बोलायचे आहे असे त्यांच्या उंचावलेल्या हातावरून दिसते. प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, याचा दोष सोळा पौंडांच्या गोळ्याकडे जातो.

मागच्या दोन रांगा गेल्या पाच मिनिटांपासून एकेक करून रिकाम्या होत आहेत. व्याख्यानावरील अभिप्राय म्हणून याकडे पाहण्याचे कारण नाही. नऊ वाजून गेले आहेत, आणि त्या श्रोत्यांना उद्या पहाटे पाच वाजता मैदानावर हजर राहायचे आहे. जाहिरातीची तारीख त्यांना अद्याप माहीत नाही.