मोठा महादेव आणि आपली सहल

(मुर्री येथील विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले की, यंदा विहारातर्फे पचमढीला सहल गेली, तिच्याबद्दल चार शब्द बोला. धबधबा किती उंच आणि हवा किती थंड, एवढेच सांगायचे असते तर आम्ही उभे राहिलो नसतो, कारण ते सगळे पोरांच्या मोबाईलवर तुम्ही पाहिलेच आहे. पण ही सहल ठरताना याच मंडपात दोन बैठका झाल्या आणि दोन्ही बैठकांत कडाडून वाद झाला. तो वाद काही गाडीभाड्याचा नव्हता. आपण बौद्ध म्हणून कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, याचा होता.

आपल्या भागात पचमढी हे नाव फार उशिरा आले. आपल्या आजे-पणजांसाठी तो 'मोठा महादेव'. प्रतापगडचा महादेव जवळचा आणि पचमढीचा मोठा. महाशिवरात्रीच्या आधी पोहा निघायचा. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घ्यायचा, चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि तो त्रिशूळ वर नेऊन रोवायचा. आजही विदर्भातून हजारो लोक जातात, नागपंचमीला नागद्वारीची यात्रा असते. आपल्या कितीतरी घरांतून १९५६ पूर्वी असे पोहे गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची. तेव्हापासून आपल्या घरांनी महादेवाची वाट सोडली. सोपे नव्हते ते. नवस अर्धा राहिला, आता लेकराला काही होईल का, ही भीती मनात ठेवून बायामाणसांनी ती वाट सोडली होती.

म्हणून बैठकीत एक म्हातारी माय उठून म्हणाली, "जे सोडलं तिथं परत कायले जाता रे बाबू?" त्यावर तरुण पोरे हसली. आम्हाला ते हसणे आवडले नाही. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की डोंगर काही कोणाच्या मालकीचा नाही. पाया पडायला जाणे वेगळे, पाहायला जाणे वेगळे. आम्ही या दुसऱ्या बाजूचे.

आणि पाहायला जाणे ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही, हे इथे सांगितले पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळच्या लेण्यांकडे निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून गर्दी जमली, पाणी बाटवले म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो आतल्या पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. परदेशातून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेला माणूस, पण आपल्याच देशातला किल्ला पाहायला गेला तर मागे शिपाई! तेव्हा आज आपल्या वस्तीतले लोक गाडी करून जातात, तिकीट काढतात, नळावर पाणी पितात आणि कोणी विचारत नाही, याला चैन म्हणून हिणवू नये.

आता पचमढीबद्दल. गोंदियाहून बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, मग तामियाचा घाट आणि मटकुली असा आमचा रस्ता. रेल्वेने जाणाऱ्याला पिपरिया स्टेशनवर उतरावे लागते. गाव मध्य प्रदेशात, पूर्वीच्या होशंगाबाद म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंचीवर. जवळचे धूपगड हे १३५२ मीटर, सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर. परका प्रदेश म्हणावा तर तसाही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भंडारा जिल्हासुद्धा (गोंदिया तेव्हा त्यातच होता) मध्य प्रदेशातच होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे दीक्षा झाली तेव्हा आपण मध्य प्रदेशचे, आणि त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांत मुंबई राज्याचे. इंग्रजांच्या काळात उन्हाळा लागला की नागपूरचे सरकार पचमढीला चढायचे. साहेबांचे बिऱ्हाड वर चढले म्हणजे त्यांच्या पेट्या कोणाच्या तरी डोक्यावरून चढल्या असतील, पण त्याची पाटी कुठे लावलेली नाही.

पाटी आहे ती कॅप्टन जेम्स फॉर्सिथची. त्याने पचमढीचा शोध लावला असे जो तो सांगतो. त्याने १८६२ मध्ये बांधलेला बायसन लॉज अजून उभा आहे, तिथे वनखात्याचे संग्रहालय आहे, आणि या डोंगराळ मुलखावरचे त्याचे इंग्रजी पुस्तक १८७१ मध्ये निघाले. माणूस कष्टाळू होता यात शंका नाही. पण गोंड आणि कोरकू लोक तिथे आधीपासून राहत होते, त्यांच्या घराचा शोध हा कसा लावणार? त्याच डोंगरातले कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांनी १८५७ च्या उठावात तात्या टोपेंना साथ दिली आणि इंग्रजांशी झुंज घेतली. त्यांचे नाव पचमढीच्या अभयारण्याला देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. उशिरा का होईना, झाला.

आमच्या मनात खरी ओढ होती ती पांडव गुंफांची. बगिचा केला आहे, मधोमध वालुकाश्माची बुटकी टेकडी, तिच्या पोटात पाच गुंफा. याच पाच मढ्यांवरून पचमढी नाव पडले असे सांगतात. मार्गदर्शक पोरगा पाठ केल्यासारखा बोलत होता. ही हवेशीर खोली द्रौपदीची, ही अंधारी कोंदट भीमाची, वनवासात पांडव इथे राहिले. आमच्यातल्या नववीतल्या एका मुलीने त्याला विचारले, "भाऊ, भीम एवढा मोठा होता, मग त्याला सर्वांत लहान खोली कशी?" त्याला उत्तर देता आले नाही, पण तो रागावला नाही, हसला. आम्हाला त्या पोरीचा अभिमान वाटला.

पुरातत्त्वाच्या जाणकारांचे मत असे आहे, की या गुंफा गुप्तकाळाच्या सुमारास बौद्ध भिक्खूंसाठी कोरल्या गेल्या असाव्यात. हे ऐकताच आमच्यातल्या दोघा-तिघांनी तिथेच घोषणा सुरू केल्या. आम्ही त्यांना थांबवले. का थांबवले ते सांगतो. तिथे आम्हाला बुद्धमूर्ती दिसली नाही, दाता अमुक, भिक्खू तमुक असे वाचण्यासारखा लेखही दिसला नाही. खोल्यांची ठेवण आणि दगडाचे काम पाहून जाणकार म्हणतात, 'असावे'. मग आपणही 'असावे'च म्हणावे. पुरावा नसताना दुसऱ्याने पांडवांचे नाव दिले म्हणून आपल्याला राग येतो ना? मग आपण तेच करून कसे चालेल? ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून मानू नका, हे तर तथागतांनीच कालामांना सांगितले.

जिथे पुरावा आहे तिथे मात्र छाती ठोकून बोला. नाशिकजवळची लेणी घ्या. लोक त्यांनाही पांडवलेणीच म्हणतात. पण तिथल्या भिंतींवर लेख आहेत, डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी तेही लेखात आहे. दुसऱ्या शतकातल्या एका लेखात नहपान राजाचा जावई उषवदात याने केलेले दान नोंदले आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यातले दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा एक दरमहा व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवराचे पैसे मिळायचे. आम्ही राइस मिलमध्ये पोती उचलणारी माणसे. आम्हाला हा लेख वाचून काय वाटले असेल, विचार करा. राजाचा जावई आपला पैसा कोणाकडे ठेवतो, तर हाताने काम करणाऱ्यांच्या संघटनेकडे! एवढा त्यांचा भरवसा होता. पांडवांच्या नावाखाली ही विणकरांची गोष्ट झाकली गेली, आणि आमचे दुःख ते आहे.

हे नुसते आपल्याकडेच घडते असेही नाही. इंडोनेशियाच्या जावा बेटावर दिएंग म्हणून एक पठार आहे, सुमारे दोन हजार मीटर उंच, पचमढीच्या जवळजवळ दुप्पट. थंड हवा, धुके, जमिनीतून गंधकाची वाफ निघते, बटाट्याची शेती. पर्यटक लोटतात. तिथे सातव्या-आठव्या शतकापासूनची दगडी देवळे आहेत, ती शिवाची. आणि आज त्यांना नावे काय? अर्जुन, भीम, घटोत्कच! मूळ नावे लोक विसरले, मग चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात ज्यांची नावे रात्र-रात्र ऐकली ती देवळांना चिकटली. म्हणजे इकडे लेण्यांवर पांडव बसले, तिकडे महादेवावरही पांडवच बसले. त्याच जावात बोरोबुदुरचा प्रचंड स्तूप आहे. आसपास बहुसंख्य मुसलमान वस्ती. तरी त्या देशाने युनेस्कोची मदत घेऊन १९७५ पासून सात-आठ वर्षे खपून तो दुरुस्त केला, आणि वैशाख पौर्णिमेला तिथे भिक्खूंची मिरवणूक निघते. वारसा सांभाळायला वारसदारच लागतो असे नाही, शहाणपण लागते.

सहलीच्या इतर गोष्टी थोडक्यात. आपण सप्टेंबरच्या शेवटी गेलो. दिवाळीनंतर नवा धान आला की मिलमध्ये दिवसरात्र पाळ्या लागतात, कोणाला सुटी मिळत नाही, म्हणून तोच काळ बरा. पाऊस ओसरत असतो आणि धबधबे भरलेले असतात. धूपगडाकडे आपली गाडी जाऊ देत नाहीत, वनखात्याचा परवाना काढून तिथली जीप करावी लागते. भाडे आधी ठरवून घ्यावे. हांडी खोह म्हणजे तीनशे फूट खोल दरी, तिथे कठड्याबाहेर कोणी वाकू नये, फोटोसाठी तर नाहीच. जमुना प्रपात, ज्याला बी फॉल म्हणतात, त्याचेच पाणी गावाला प्यायला जाते. त्याच पाण्यात लोक साबण लावून आंघोळ करताना दिसले. आपल्या पोरांनी तिथे साबण काढला नाही, उलट प्लास्टिकच्या बाटल्या वेचून एक पोते भरले, हे आवर्जून सांगतो.

एका ठिकाणाचे नाव अप्सरा विहार. नाव ऐकून आमच्या एका बाईने हात जोडले! विहार म्हणजे इथे नुसते पाण्याचे कुंड आहे हे कळल्यावर तीच सर्वांत जास्त हसली.

पचमढीच्या पठारावर सालाचे रान आहे. आपल्याकडे सरई म्हणतात. बालाघाटच्या जंगलातून येताना लागतो तोच वृक्ष, पण गाडीच्या खिडकीतून कोण पाहतो? तिथे मात्र आम्ही सगळ्यांना एका जुन्या सालाखाली उभे केले. लुंबिनीत तथागतांचा जन्म सालवृक्षाखाली झाला असे परंपरा सांगते आणि कुशिनाराला महापरिनिर्वाण दोन सालवृक्षांच्या मध्ये. पिंपळ आपल्या ओळखीचा आहे, तो विहाराच्या दारात असतो. सालाची मात्र ओळख नव्हती. पोरांनी पान हातात घेतले, खोडाची साल चाचपली. तिथे पाच मिनिटे कोणी बोलले नाही. कुणी सांगितले नव्हते शांत राहा म्हणून.

जिने "कायले जाता" म्हटले होते ती म्हातारी मायही आली होती. चौरागडाच्या पायथ्याशी जाऊन तिला वर बघायचे होते. लहान असताना बापाच्या खांद्यावर बसून ती तिथे गेली होती. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पायऱ्या लय होत्या, बाबाचे पाय सुजले होते." पाया पडली नाही. वर त्रिशूळ घेऊन निघालेल्या अमरावतीकडच्या एका कुटुंबाला तिने आपल्याजवळचे मुरमुरे दिले. धम्म यापेक्षा वेगळा काय असतो, ते भंतेजी सांगतील.

महिला मंडळाचीही एक गोष्ट आहे. मागच्या सहलींत आपण शेगडी-भांडी घेऊन जायचो आणि बायका तिथेही भातवरणच रांधायच्या. पुरुष पॉइंट पाहून यायचे, बायका चुलीचा धूर पाहायच्या. यंदा स्वयंपाक पुरुषांकडे दिला. पहिल्या दिवशी भात कच्चा राहिला. धानाच्या जिल्ह्यातली माणसे, त्यातही अर्धे राइस मिलवाले, आणि भात कच्चा! पण सगळ्या बायकांनी धूपगडचा सूर्यास्त पाहिला. हा ठराव पुढेही कायम ठेवावा अशी आमची समितीला विनंती आहे.

पुढची सहल नाशिकची करावी असे बहुतेकांचे म्हणणे आहे. दर घरामागे महिन्याला शंभर रुपये याप्रमाणे वर्षभर जमा करू, म्हणजे एकदम ओझे होणार नाही. ज्या घरी कमावणारे माणूस नाही त्यांचा वाटा बाकीचे उचलतील. वही ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवली आहे. जाण्याआधी चार रविवार विहारात बसून तिथल्या लेखांचे मराठी भाषांतर वाचू, आणि ते वाचण्याचे काम त्या नववीतल्या मुलीकडे देऊ. नावे आजच लिहावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!