विसावा कुणाचा?

गिरणगावात गावाकडून आलेल्या पुरुषाला व्यायामशाळा, भजनी मंडळ, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांचं नाटक मिळालं. त्याच्यासाठी खानावळ चालवणाऱ्या बाईला उसंतच नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. बँकेचं कर्ज मिळालं, मान मिळाला. पण विसावा?

आज आपण शीवला जमलोय. इथं सतराव्या शतकातला किल्ला आहे, पायथ्याशी बाग आहे. शहरात नव्यानं आलेली बाई तिथं कडेवर मूल, हातात पिशवी नसताना नुसती बसलेली दिसते का? २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकातून तीन लेखिकांनी मुंबईतल्या बायकांसाठी हाच हक्क मागितला. कामाच्या दामाइतकाच बाकावरचा निवांत तासही आपला आहे. पुढची बैठक बागेतच घेऊ या.