मेनिनच्या वेशींतील सायंकाळ

बेल्जममधील ईप्र हें शहर आपल्या सातारा-कऱ्हाडाहून लहानच आहे. त्याच्या पूर्वेकडील तटांत, मेनिन गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक भव्य कमानदार वेस उभी आहे. रोज सायंकाळीं आठाच्या सुमारास पोलीस या वेशींतील रहदारी थांबवितात, गांवच्या आगीच्या बंबावरील चारदोन माणसें गणवेश चढवून रस्त्याच्या मध्यभागीं येतात आणि बिगुल वाजवितात. १९२८ सालीं सुरू झालेला हा परिपाठ जर्मनांच्या ताब्यांत शहर होतें तीं चार वर्षें सोडतां आजतागायत चालू आहे. ६ सप्टेंबर १९४४ रोजीं पोलिश सैन्यानें शहर मोकळें केलें, त्याच सायंकाळीं बिगुल पुन्हां वाजला; शहराच्या दुसऱ्या भागांत तेव्हां लढाई अद्याप चालू होती. ९ जुलै २०१५ रोजीं हा विधि तीस हजाराव्या वेळीं झाला. आपल्याकडे देवळांतला चौघडासुद्धां इतका नेमानें क्वचितच वाजत असेल.

श्रोतेहो, सातारा जिल्ह्यांतील सत्तरीचे एक गृहस्थ आपल्या मुलासह यूरोपची सहल करावयास गेले होते. पॅरिस झालें, स्वित्झर्लंडचें बर्फ झालें. परत निघण्याच्या आदल्या दिवशीं मुलानें ब्रुसेल्सच्या बाजारपेठेचा बेत आखला होता. वडील म्हणाले, "अरे, बाजार राहूं दे. त्या ईप्रच्या वेशीवर आपल्याकडच्या शिपायांचीं नांवें आहेत म्हणतात. थोरल्या आजोबांचें असलें तर पाहूं."

"बाबा, आजोबा तर बसऱ्याकडे गेले होते ना?"

"गेले होते खरे. पण घरांत नक्की कोणाला ठाऊक आहे?"

हे थोरले आजोबा म्हणजे त्या गृहस्थांच्या आजोबांचे वडील बंधु. पहिल्या महायुद्धांत ते मराठा पलटणींतून गेले ते परत आले नाहींत. युद्धानंतर सरकारकडून एक वाटोळी काशाची तबकडी घरीं आली. तिच्यावर सिंह, त्रिशूळधारी ब्रिटानिया आणि रोमन लिपींत कोरलेलें त्यांचें नांव. हुद्दा नाहीं, गांव नाहीं. घरांतील बायका ती वर्षांतून एकदां दसऱ्याला चिंचेनें घांसून शस्त्रांबरोबर पुजीत.

बापलेक दुपारींच ईप्रला पोंचले. वेशीच्या आंतल्या भिंती वरपासून खालपर्यंत नांवांनीं भरलेल्या आहेत. ज्यांचें प्रेतही हातीं लागलें नाहीं अशा ५४,००० हून अधिक माणसांचीं हीं नांवें, पलटणीवार आणि हुद्द्यावार लाविलेलीं. शिल्पज्ञ सर रेजिनल्ड ब्लोमफील्ड यांनीं एवढी मोठी वास्तु रचिली, तरी भिंती अपुऱ्या पडल्या. १५ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेले सुमारें ३५,००० लोक जवळच्या टाइन कॉट येथील भिंतीवर गेले.

भारतीयांचीं नांवें येथें चारशेंहून अधिक आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरांत, पातळ कपड्यांनिशीं आलेल्या हिंदी पलटणी या चिखलांत उतरविल्या गेल्या. ३१ ऑक्टोबर रोजीं याच भागांतील हॉलेबेक येथें १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान यांनीं एकट्यानें मशीनगन चालवून हिंदी शिपायांतील पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. दक्षिणेस फ्रान्सच्या हद्दींत नव्ह शापेल आहे. तेथें २८ ऑक्टोबरला खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्यांनीं ४७ व्या शीख पलटणीबरोबर हल्ला केला. पूल बांधणें आणि सुरुंग लावणें हें ज्यांचें काम, ते संगिनी घेऊन गल्लीगल्लींतून लढले आणि त्यांचे बहुतेक अधिकारी पडले. पुणेंकरांना खडकीची छावणी रोज दिसते, पण नव्ह शापेलचें नांव त्यांतील किती जणांच्या कानीं असेल?

वृद्ध गृहस्थ मान वर करून तासभर शोधीत होते. मुलानें हातांतील यंत्रावर युद्धस्मशान आयोगाची यादी उघडली आणि थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, "बाबा, येथें नाहींत. बसऱ्याच्या स्मारकांत आहेत. १९१६."

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियाकडे नेण्यांत आलें. मराठा पलटणींचें मुख्य रणक्षेत्र मात्र आरंभापासून तेंच होतें. कुत येथें जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणें डिव्हिजनला तुर्कांनीं वेढा घातला, त्या वेढ्यांत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पांच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्य शरण गेलें आणि पुढील कैदेंत हजारों माणसें दगावलीं.

बसऱ्याचें स्मारक १९२९ सालीं उघडलें. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु भिंतीवर गोऱ्या शिपायांचीं नांवें आलीं, हिंदी अधिकाऱ्यांचीं आलीं आणि साध्या हिंदी शिपायाच्या वांट्याला पलटणीच्या नांवाखालीं केवळ आंकडा आला. आणखी इतके शिपाई, एवढेंच. मृत्यूनंतर सर्वांना सारखें लेखावयाचें, हें ज्या आयोगाचें ब्रीद, त्याच्याच समितीनें २०२१ सालीं हा भेदभाव कबूल केला आणि आयोगानें क्षमा मागितली. १९९७ सालीं सद्दाम हुसेनच्या आज्ञेनें तें सगळें स्मारक बसऱ्याच्या धक्क्यावरून उचलून कित्येक मैल दूर वाळवंटांत नेण्यांत आलें होतें, तें निराळेंच. तेथें जाऊन फुलें वाहणें कोणा साताऱ्याच्या माणसाला कसें साधावें?

हें सारें मुलगा वाचून दाखवीत होता, तों आठ वाजले. मोटारींचा आवाज थांबला. शेंकडों माणसें, त्यांत शाळेचीं पोरेंही, भिंतीलगत उभीं राहिलीं. बिगुलाचा सूर कमानीखालीं घुमला आणि लांबत गेला. मग एक मिनिट शांतता. पुष्पचक्रें ठेवलीं गेलीं, पुन्हां बिगुल झाला. कोणीं टाळ्या वाजविल्या नाहींत. वाजवूं नयेत असा तेथील दंडकच आहे, आणि तो चांगला आहे. तेवढ्या वेळांतही हात उंच करून चित्रें टिपणारे होतेच.

वृद्ध गृहस्थांनीं टोपी काढली नव्हती. त्यांच्या घरीं पितरांपुढें डोक्यावर टोपी ठेवण्याचीच रीत होती.

गर्दी पांगल्यावर ते अभ्यागतांच्या नोंदवहीपाशीं गेले. पुढल्या रकान्यांत इंग्लंड, कानडा, ऑस्ट्रेलिया. त्यांनीं चष्मा लाविला आणि आपलें नांव न लिहितां थोरल्या आजोबांचें पुरें नांव, वडिलांच्या नांवासकट, देवनागरींत लिहिलें. त्याखालीं गांव, तालुका आणि "बसरा, १९१६". अभिप्रायाचा रकाना तसाच ठेवला. मुलानें घड्याळ दाखविलें. ब्रुसेल्सची शेवटची गाडी गांठावयाची होती.