परीक्षेपूर्वीची उजळणी : पाठ केलेला आकडा आणि समजलेला आकडा

(परिचर्या अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेस बसणाऱ्या मराठीभाषी विद्यार्थिनी, त्यांचे पालक व शिक्षक यांच्यापुढे बेल्लमपल्ली येथे केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. माझा व्यवसाय शासनाच्या योजना लोकांना समजतील अशा भाषेत सांगण्याचा. नाडी कशी पाहावी हे मला कोणी शिकविले नाही, आणि सुई पाहिली की मी आजही तोंड फिरवितो. अशा माणसाने परिचर्येच्या परीक्षेविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. तरीही निमंत्रण स्वीकारले याचे कारण एका परिचारिकेचे माझ्यावर असलेले ऋण होय. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर जलसंजीवनीसंबंधी एक पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. जुलाबाने मुलाच्या अंगातील पाणी कसे कमी होते, पाकीट कोठे मिळते, ते कसे द्यावे, असा साधा मजकूर होता. भाषा घरगुती असावी म्हणून मी लिहिले : ‘एक पाकीट तांब्याभर पाण्यात विरघळवावे.’ वाक्य मला फार आवडले होते. मुद्रिते तपासून आली. सुदैवाने एक आरोग्य परिचारिका दुसऱ्याच कामासाठी कचेरीत आल्या होत्या. त्यांनी ते वाचले आणि शांतपणे विचारले, “साहेब, तांब्या कोणाचा?” टेबलावरचा तांब्या त्यांनी उचलला, शिपायाकडून लिटरची बाटली मागविली आणि पाणी मोजून दाखविले. आमचा तांब्या पाऊण लिटरही नव्हता.

मी म्हणालो, थोडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडते? औषध जरा कडक होईल एवढेच. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. द्रावणात मीठ प्रमाणाबाहेर झाले, तर ज्या मुलाच्या अंगातील पाणी आधीच गेले आहे त्याच्या रक्तातील क्षार आणखी वाढतो, आणि आपण ज्याला वाचवू पाहतो त्यालाच आपण आजारी करतो. मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, तयार द्रावण २४ तासांनंतर ठेवायचे नसते, हे दोन्ही आकडे त्यांना येत होते. पण आकडे मलाही पाकिटावर वाचता आले असते. आकड्याच्या मागे काय आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांना माझ्या आवडत्या वाक्यात धोका दिसला. पत्रक दुरुस्त झाले.

आज मला उजळणीविषयी जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आपण पुष्कळ आकडे डोक्यात भरतो. त्यांपैकी जे कारणासह बसतात ते राहतात. जे नुसते बसतात ते उत्तरपत्रिकेबरोबर परीक्षकाकडे जमा होतात.

उदाहरणे तुमच्याच पुस्तकातील देतो. ती मी जाणकारांकडून तपासून घेतली आहेत. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या मातेला मॅग्नेशियम सल्फेट देतात. पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या, असे तुम्ही पाठ करता : गुडघ्याचा झटका मिळतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि मागील चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिलिलीटर या प्रमाणात झाली आहे का. तीन निरनिराळ्या गोष्टी म्हणून पाठ केल्या, तर घाईच्या वेळी त्यांतील एक हमखास विसरते. वस्तुतः ती एकच साखळी आहे. हे औषध मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर जाते. लघवी कमी झाली की ते आत साठू लागते. साठू लागले की प्रथम स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून गुडघा गप्प होतो. त्याहून अधिक साठले की श्वास मंदावतो. म्हणजे गुडघा ही धोक्याची पहिली घंटा आहे आणि श्वास ही शेवटची. एवढे समजले की तिन्ही प्रश्न आपोआप सुचतात. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम उशाशी तयार का ठेवावयाचे, तेही वेगळे पाठ करावे लागत नाही.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. या भागातील शेतमजूर, वनमजूर आणि जमिनीवर निजणारी मुले यांना मण्यार, नाग, घोणस, फुरसे यांची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. परीक्षेत विचारतात : लहान मुलाला सर्पविषावरील लस किती द्यावी? बाकी सर्व औषधांची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून हात आपोआप कमी मात्रेकडे जातो. उत्तर असे आहे की मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावयाची, कारण मूल लहान आहे म्हणून सापाने विष कमी सोडलेले नसते. आणि लस मुलाच्या वजनाशी नव्हे, विषाशी झुंजावयाची असते. हे कारण एकदा ऐकलेल्या विद्यार्थिनीला हा प्रश्न पुन्हा चकवू शकेल असे मला वाटत नाही. खेड्यातील श्रोत्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की ही लस मांत्रिकाकडे नसते.

आता ज्यांना मी जुळी तथ्ये म्हणतो त्यांविषयी. जत्रेत जुळी भावंडे चुकावीत तशी ही परीक्षेत चुकतात. लसीकरणाचेच पाहा. गोवर-रुबेलाची कुपी द्रव मिसळल्यानंतर ४ तासांत वापरावयाची, उरलेली टाकून द्यावयाची. पंचगुणी लसीची उघडलेली कुपी मात्र, नियमाप्रमाणे जपली असेल तर, २८ दिवसांपर्यंत चालते. नुसते पाठ केले तर ४ आणि २८ यांची अदलाबदल होते. कारण पाहा : गोवर-रुबेलाच्या लसीत जंतू रोखणारे द्रव्य नसते, उघडल्यावर आत शिरलेले जंतू वाढतात आणि त्यांचे विष बालकाच्या जिवावर बेतू शकते. आणखी एक जोडी. गोवर-रुबेलाची लस उष्णतेने निकामी होते, तर पंचगुणी आणि धनुर्वात-घटसर्पाची लस गोठल्याने निकामी होते. म्हणून शीतपेटीत बर्फालगत काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हा प्रश्न गृहिणीने फडताळ लावावे तसा समजून सोडविता येतो. बी.सी.जी. डाव्या दंडावर कातडीच्या आत, एक महिन्याच्या आतील बाळास ०.०५ मिलिलीटर आणि त्यानंतर ०.१, गोवर-रुबेला उजव्या दंडावर कातडीखाली ०.५. येथे कारणाचा उपयोग थोडाच, येथे सरावच हवा. हेही मान्य केले पाहिजे.

इन्सुलिनच्या सुईचेही तसेच. ४० एककांची कुपी आणि १०० एककांची कुपी अशा दोन्ही आपल्याकडे मिळतात. ४०च्या सुईचे टोपण लाल, १००च्या सुईचे केशरी. कुपी एक आणि सुई दुसरी झाली की मात्रा अडीच पटीने चुकते. रंग लक्षात ठेवा, पण रंगावर विसंबू नका. कुपीवरील अक्षरे वाचा.

उजळणी कशी करावी, याबद्दल शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे. मला फक्त एका सवयीविरुद्ध बोलावयाचे आहे. पुस्तक उघडे ठेवून, ओळींखाली रेघा ओढीत, तेच पान पाचव्यांदा वाचणे याला आपण अभ्यास म्हणतो. पान ओळखीचे वाटू लागते आणि ते येते असा भास होतो. ओळखणे निराळे आणि आठवणे निराळे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तकाशी ताडून पाहा. दोघी-दोघींनी बसून एकमेकींना विचारा, आणि प्रत्येक उत्तरावर ‘का?’ हा एक प्रश्न अधिक विचारा. जेथे ‘का’ला उत्तर येत नाही तेथे खूण करा; तुमची खरी उजळणी त्या खुणांपुरतीच आहे. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोपा. रात्रपाळीची सवय करण्यास पुढे सारे आयुष्य पडले आहे.

गडचिरोली हा जिल्हा येथून दूर नाही. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच, थोडेसे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास तयार केले. त्या प्रयोगाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; प्रयोगातील ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात, आणि ज्यांना मोठी मोजदाद जमत नाही त्यांच्यासाठी बंगांनी मण्यांचे एक साधे श्वासमापक बनविले होते. तुमच्या पुस्तकातील आकडे तेच आहेत : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ते जलद समजावे. मूल जितके लहान तितका त्याचा श्वास मुळातच वेगवान, म्हणून वयाबरोबर आकडा उतरतो. शांत असलेल्या मुलाचे, पूर्ण एक मिनिट. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून आलेला आकडा कितीही शुद्ध लिहिला तरी खोटाच असतो.

आता या गावाविषयी. बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींचे आणि काझीपेठ-बल्लारशा मार्गावरील गाव. २०१६ पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. पूर्वी ते आदिलाबादमध्ये होते, आणि १९५६ पर्यंत राजुरा व किनवट हे आज महाराष्ट्रात असलेले तालुकेही त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यामुळे येथील रुग्णाची भाषा कोणती असेल हे आधी सांगता येत नाही. तेलुगू, मराठी, हिंदी, उर्दू, गोंडी, कोलामी यांतील कोणतीही असू शकेल. पुस्तकात ‘दृष्टिदोष’ असे छापलेले असते, बाई सांगते, “डोळ्यांपुढे अंधारी येते.” दोन्ही एकच आहेत हे जिला तत्काळ जुळविता येते तिला मघाचा झटक्यांचा धडा खरा आला. म्हणून उजळणीच्या वहीत प्रत्येक धोक्याच्या लक्षणापुढे एक रिकामा रकाना सोडा आणि घरची म्हातारी ते लक्षण कोणत्या शब्दांत सांगते ते तेथे लिहा. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्या मुलींजवळ हे धन आहे; वर्गात त्या गप्प बसतात, बसू नये.

या भागात सिकलसेलचा प्रश्न आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक, हे सर्वांना येते. पण घरातील माणसे याचा अर्थ असा घेतात की, एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक गर्भारपणी ती शक्यता पुन्हा चारात एकच असते. मागचा हिशेब पुढे ओढला जात नाही. हे वाक्य परीक्षेत दोन गुणांचे असेल. एखाद्या घरात मात्र त्यावरून पुढच्या मुलाचा निर्णय होतो.

नोंदणीविषयी शिक्षकांनी विचारले होते, ते थोडक्यात सांगतो. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्याखेरीज सेवा करता येत नाही. एका राज्यात नोंदणी आणि दुसऱ्या राज्यात नोकरी असे या सीमेवर वारंवार घडते. त्यासाठी मूळ परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन रीतसर नोंदणी करून घ्यावी. १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. तेव्हा जुन्या मार्गदर्शिकेतील नियमांवर न विसंबता परिषदेकडे चौकशी करावी.

माझे बोलणे येथे संपले. यानंतर तुमच्या शिक्षिका फळ्यावर सलाईनच्या थेंबांचे गणित घेणार आहेत. पहिले त्यांनी मला आधीच दाखविले आहे : ५०० मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि नळीचे २० थेंब म्हणजे १ मिलिलीटर. मिनिटाला किती थेंब? मला दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा ४२ आले. वह्या मिटवा आणि तुम्ही करून पाहा.